नातीचे अपूर्णांक

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला सहावीतल्या नातीचे अपूर्णांक शिकवता येऊ नयेत, ही गोष्ट कबूल करायला मला बराच काळ लागला. निवृत्त झालो तेव्हा मनाशी बेत आखला होता. दुकान मुलगा समर्थपणे सांभाळतो, तेथे जाऊन लुडबुड करायची नाही. सकाळी मंदिर आणि स्वाध्याय, दुपारी वाचन आणि संध्याकाळी नातीचा अभ्यास. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, त्यामुळे संध्याकाळ चांगली लांबलचक हाती येते. शिवाय गणित म्हणजे आपल्या घरचाच विषय, अशी माझी समजूत. बार्शीच्या बाजारपेठेत आमची भुसार मालाची आडत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी म्हणून दाखवल्याखेरीज वडील आम्हा भावंडांना गादीवर बसू देत नसत. पुढे एम.कॉम. झालो, बँकेत कर्जविभाग पाहिला, शाखा सांभाळल्या. सहावीच्या पुस्तकात मला अडेल असे काय असणार?

मला काही अडले नाही. अडले ते नातीला, आणि तिला का अडते हे मला कळेना.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. १/२ + १/३ असे उदाहरण होते. तिने झटकन उत्तर लिहिले, २/५. मी म्हणालो, "असे नाही बेटा, आधी छेद समान करून घे." तिने करून घेतले. पुढच्या उदाहरणात पुन्हा वरच्या दोन आकड्यांची बेरीज वर आणि खालच्या दोहोंची खाली. मी पुन्हा सांगितले. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला. चौथ्या वेळी मी काहीच बोललो नाही, नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला. शाखेत माझा चष्मा टेबलावर आला की कर्मचारी माना खाली घालत. नातीनेही घातली. त्यानंतर ती माझ्याकडे वही घेऊन येईनाशी झाली. "आजोबा, आज गृहपाठ नाही," असे तीन-चार संध्याकाळी ऐकल्यावर मीही विचारणे सोडले. खरे सांगायचे तर थोडे हायसेच वाटले.

याच सुमारास एका कंपनीचा प्रतिनिधी घरी आला. तरुण, नम्र, गळ्यात ओळखपत्र. नातीची दहा मिनिटांची चाचणी घेऊन त्याने निदान केले की मुलगी हुशार आहे, पण पाया कच्चा आहे. (हे वाक्य कोणत्याही मुलाच्या आईवडिलांना ऐकवले तरी ते मान डोलावणारच!) एक टॅब्लेट, त्यात दोन वर्षांचे गणित-विज्ञानाचे चित्रमय धडे, चोवीस हप्ते, व्याज शून्य टक्के. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. प्रतिनिधी हात जोडून म्हणाला, "साहेब स्वतः बँकेतले आहेत, त्यांना मी काय सांगणार?" त्या एका वाक्याने मी विरघळलो. मुलाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी त्याने वाचून दाखवला, तेव्हा मी शेजारी बसून त्या पाहुण्याला चिवडा आणखी घ्या म्हणत होतो.

दुसऱ्या महिन्यात मुलाच्या पासबुकातली नोंद वाचली आणि चपापलो. हप्त्याची रक्कम धडे विकणाऱ्या कंपनीकडे गेलीच नव्हती. ती एका वित्तसंस्थेकडे गेली होती. म्हणजे आम्ही उधारीवर वस्तू घेतली नव्हती, रीतसर कर्ज काढले होते. हजारो कर्जप्रकरणांचे कागद ज्याने ओळ न ओळ तपासले, त्याच्याच घरात कर्जाचा करार कोणी वाचला नव्हता. शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते वस्तूच्या किमतीत कोठेतरी मिळवलेले असते, हे मी ग्राहकांना आयुष्यभर सांगत आलो. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना या शून्य टक्क्याच्या योजनांबद्दल खडसावले, ते परिपत्रक मी स्वतः शाखेत सर्वांना वाचून दाखवले होते. पुढे टॅब्लेट परत केला तरी हप्ते चालूच राहिले. ते थांबवायला आठ महिने आणि असंख्य पत्रे लागली. तो पत्रव्यवहार येथे सांगत बसत नाही. व्यापारी घरांतील वाचकांच्या उपयोगाचे तेवढे सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने मोबाइलवरून दिल्या जाणाऱ्या कर्जांसाठी नियम घालून दिले. त्यानुसार कर्जदाराला मुख्य अटींचे विवरणपत्र मिळाले पाहिजे आणि ठरावीक मुदतीत मुद्दल परत करून बाहेर पडण्याची सोय मिळाली पाहिजे. पण हे मागायचे कोणी? ज्याला आपण कर्ज घेत आहोत हे ठाऊक असेल त्याने. म्हणून असा प्रतिनिधी दारी आला तर पहिला प्रश्न एवढाच विचारावा, की हप्ता कोणाच्या खात्यात जमा होणार?

कंपनीवरचा राग बाजूला ठेवून सांगतो, धडे दिसायला सुरेख होते. दर रविवारी सूनबाईंच्या फोनवर प्रगतीचा अहवाल येई. अपूर्णांक, ९६ टक्के. दशांश अपूर्णांक, ९४ टक्के. सोबत सोनेरी पदकाचे चित्र. आम्ही तो अहवाल नातेवाईकांच्या गटावरही टाकला. आणि मग शाळेतल्या घटक चाचणीत तिला वीसपैकी सात गुण मिळाले.

सूनबाई रडवेल्या झाल्या. मी ठरवले, आधी पाहायचे, मग बोलायचे. एका संध्याकाळी नातीच्या मागे खुर्ची टाकून गुपचूप बसलो. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय. तिने एकावर बोट ठेवले. चूक, असा आवाज झाला. दुसऱ्यावर ठेवले, पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यावर ठेवताच चांदण्या उधळल्या आणि पुढचा प्रश्न आला. मी विचारले, "हे कसे ओळखलेस?" ती निरागसपणे म्हणाली, "आजोबा, चारातला एक बरोबर असतोच ना!" एवढ्यावर न थांबता तिने मला आणखी एक युक्ती दाखवली. फोटोमॅथ नावाचे एक ॲप आहे. मूळ क्रोएशियातले, आता गुगलकडे आहे. फोनचा कॅमेरा वहीतल्या उदाहरणावर धरला की उत्तर येते, एकेक पायरीही येते. स्वतः गणित सोडवून मग ताळा पाहणाऱ्याला ते वरदान आहे. आमच्या बाईसाहेब त्या पायऱ्या जशाच्या तशा वहीत उतरवून घेत. गृहपाठ सुंदर, अक्षर सुंदर, बाईंचा शेरा 'छान'.

मला राग आला नाही, हे नमूद करतो. कारण आमच्या बँकेतही मी हे पाहिले होते. ताळेबंद जुळवायचा म्हणून फरकाची रक्कम एखाद्या किरकोळ खात्यात टाकून घरी जाणारे लोक प्रत्येक शाखेत असत. फरक तसाच राहतो, कागद मात्र जुळतो.

त्या रात्री मी पहिल्यांदा स्वतः संगणकापुढे बसून शालेय गणितासाठी इंटरनेटवर काय काय आहे ते धुंडाळले. पहिले नाव समोर आले ते खान अकॅडमीचे. तिची जन्मकथा वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. २००४ साली बोस्टनमध्ये गुंतवणुकीच्या व्यवसायात नोकरी करणारा सलमान खान नावाचा तरुण (चित्रपटातला नव्हे) न्यू ऑर्लिन्समध्ये राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या लहान बहिणीला दूरध्वनीवरून गणित शिकवू लागला. तिला मापांची रूपांतरे अडत होती. हळूहळू इतर भावंडे आली, एकेकाला वेगळे शिकवणे जमेना, म्हणून २००६ पासून तो छोटे व्हिडिओ करून यूट्यूबवर ठेवू लागला. २००८ मध्ये त्याची धर्मादाय संस्था झाली. आज ते सारे विनामूल्य आहे, हिंदीतही आहे. मला मात्र या कथेतला एक बारीकसा तपशील लागला. त्याने एका भाषणात हसत हसत सांगितले आहे, की भावंडांना प्रत्यक्ष भेटणाऱ्या दादापेक्षा यूट्यूबवरचा दादा अधिक आवडू लागला. त्याला थांबवता येत होते. तेच वाक्य पाच वेळा ऐकता येत होते. आणि समजले का, समजले का, असे तो मध्येच विचारत नव्हता.

मी टेबलावरच्या चष्म्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी नातीला जवळ बोलावले आणि वहीवर १/२ + १/३ लिहिले. तिने सवयीने २/५ लिहिले आणि लगेच खोडरबर घेतला. मी म्हणालो, "खोडू नको. हे दोन आणि पाच तू कसे आणलेस तेवढे मला सांग. मी मध्ये बोलणार नाही."

ती थोडा वेळ माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, मागच्या वर्षी मला पहिल्या चाचणीत वीसपैकी बारा होते आणि दुसरीत तीसपैकी एकवीस. बाईंनी प्रगतिपुस्तकात पन्नासपैकी तेहतीस लिहिले. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. मग इथे तसे का चालत नाही?"

मी खरोखरच निरुत्तर झालो. चार वेळा जिच्यावर डाफरलो त्या पोरीच्या चुकीला एवढे भक्कम कारण होते, आणि ते तिला कोणी विचारलेच नव्हते. मी नाही, बाईंनी नाही, आणि त्या चांदण्या उधळणाऱ्या यंत्रानेही नाही. मी म्हणालो, "बेटा, याचे उत्तर मला उद्यापर्यंत विचार करून द्यावे लागेल." आजोबांना उत्तर येत नाही याचा तिला इतका आनंद झाला, की ती आजीला सांगायला स्वयंपाकघरात धावली.

रात्री गच्चीवर येरझाऱ्या घालताना उलगडा झाला, आणि तो माझ्याच पेशातला निघाला. वीसपैकी बारा म्हणजे ६० टक्के. तीसपैकी एकवीस म्हणजे ७० टक्के. पन्नासपैकी तेहतीस म्हणजे ६६ टक्के. बेरीज कधी दोन संख्यांच्या मध्ये पडते का? मध्ये पडते ती सरासरी. एखाद्या ठेवीदाराने वीस हजार एका दराने आणि तीस हजार दुसऱ्या दराने ठेवले, तर पन्नास हजारांवर सरासरी दर काय पडला, हे मी जन्मभर काढले. ज्याला आम्ही भारित सरासरी म्हणतो. माझी नात बेरजेच्या जागी तेच काढत होती. १/३ आणि १/२ यांच्या मध्ये २/५ येतात. तिच्या बाईंनी दोन अपूर्णांक मिळवलेच नव्हते. दोन वेगवेगळ्या राशींतले भाग एकत्र करून मोठ्या राशीतला भाग सांगितला होता. बेरीज करायची तर दोन्ही भाग एकाच पूर्णाचे हवेत.

सकाळी न्याहारीच्या वेळी दुरडीतल्या दोन सारख्या पोळ्या घेतल्या. एकीचा अर्धा भाग, दुसरीचा तिसरा हिस्सा, दोन्ही एका ताटलीत. "तुझ्या उत्तराप्रमाणे ही दोन पंचमांश पोळी आहे. म्हणजे अर्ध्याहून जास्त की कमी?" ती विचारात पडली आणि मग ओरडली, "अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी झाले!" सोळा वेळा 'छेद समान कर' म्हणून जे झाले नव्हते ते एका ताटलीने झाले.

पोळीचे सारखे सहा भाग करणे मात्र आमच्या सौभाग्यवतींनाही जमले नाही. तेथे संगणक उपयोगी पडला. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वाइमन यांनी २००२ साली फेट नावाचा उपक्रम सुरू केला. आधी विज्ञानाचे, नंतर गणिताचेही प्रयोग त्यात आले. ते विनामूल्य आहेत आणि काही मराठीतही उपलब्ध आहेत. त्यातल्या अपूर्णांकांच्या प्रयोगात वर्तुळाचे किती भाग करायचे ते आपण ठरवायचे आणि तुकडे उचलून ठेवायचे. नातीने वर्तुळाचे सहा भाग केले, अर्ध्यासाठी तीन तुकडे ठेवले, तिसऱ्या हिश्श्यासाठी दोन. पाच तुकडे झाले. छेद समान करणे म्हणजे दोन्ही पोळ्या एकाच मापाने कापणे, हे तिचे वाक्य आहे, माझे नव्हे.

त्या वर्षी दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात मी नेहमीप्रमाणे सर्वांना हात जोडले. ज्यांच्याशी वर्षभर बोललोही नव्हतो त्यांचीसुद्धा क्षमा मागितली. घरी आल्यावर लक्षात आले की जिच्यावर खरोखर क्रोध केला तिची राहिलीच. मागितली. ती लाजून म्हणाली, "आजोबा, तुम्ही चष्मा काढला की मला पोटात कसेतरी होते." एवढेच. आता अभ्यासाच्या वेळी चष्मा नाकावरच असतो.

तेव्हापासून एखादे नवे साधन पाहताना मी त्याची चित्रे पाहत नाही. मुलाने चूक केली की ते काय करते, ते पाहतो. खान अकॅडमीच्या सरावात सूचना उघडून पाहिली, तर तो प्रश्न सुटला असे धरत नाहीत. पुढचे प्रश्न स्वतःच्या बळावर सोडवावे लागतात. हे मला पसंत पडले. नातीला सुरुवातीला अजिबात पडले नाही. केंब्रिज विद्यापीठाचा एनरिच नावाचा उपक्रम १९९६ पासून चालू आहे. तेथे एकेक कोडे असते, झटपट उत्तर नसते, आणि मुलांनी पाठवलेल्या रीती ते प्रसिद्ध करतात. आमच्यासाठी त्याचे इंग्रजी थोडे जड आहे. महिन्यातून एखादे कोडे मी तिला मराठीत सांगतो. केंद्र सरकारच्या दीक्षा या मंचावर, जो २०१७ मध्ये सुरू झाला, आपल्या पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड टिपून जाता येते. तेथला माल मात्र मिश्र आहे. काही शिक्षकांनी जीव ओतून धडे केले आहेत आणि काहींनी पुस्तक मोठ्याने वाचले आहे.

सेमी इंग्रजीचा प्रश्न आमच्या घरी वेगळाच उपटला. नात गणित इंग्रजीतून शिकते. मी अंश म्हणतो तेव्हा तिला तापमान आठवते. ती एलसीएम म्हणते, तेव्हा माझ्या डोक्यात लसावि उमटायला क्षण जातो. व्यस्त चलन, वर्गमूळ, परिमेय संख्या हे शब्द तिने ऐकलेलेच नव्हते, आणि व्हिडिओतले इंग्रजी तर परदेशी उच्चारांचे. यावर उपाय घरबसल्या सापडला. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. मी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही माध्यमांची गणिताची पुस्तके उतरवून घेतली. धडे तेच, उदाहरणे तीच. दोन्ही शेजारी शेजारी उघडून बसलो की तिला माझी भाषा कळते आणि मला तिची. पैसे मोजून घेतलेल्या कशाचाही आम्हाला इतका उपयोग झालेला नाही.

संख्यांच्या नावांचेही असेच. एकदा मुलाने दुकानातून फोन करून तिला सांगितले, "अडुसष्ट पोती, लिहून ठेव." तिने ८६ लिहिले. मराठीत आठ आधी येतो, साठ नंतर. इंग्रजीत सिक्स्टी आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, साठ तीन अशी जोडनावे आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, आणि टीका करणाऱ्यांत हिरिरीने मीही होतो. आता वाटते, त्या बाईंनी मुलांची अडचण जवळून पाहिली होती. अर्थात अडुसष्ट, एकोणसाठ हे शब्द गेले तर आमच्या बाजारात बोलायचे कसे, हा प्रश्न मला अजून पडतोच.

पण त्या पोत्यांच्या घोळातून एक गंमत निघाली. दुकानाचा हिशोब संध्याकाळी १८ पोत्यांनी जुळेना. मी नातीला आमच्या जुन्या मुनीमजींनी शिकवलेली खूण सांगितली. फरकाला नवाने भाग जात असेल तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झाली आहे असे समजावे. फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कम चुकीच्या बाजूला गेली आहे का ते पाहावे. तिने अठराला नवाने भागले, वही तपासली आणि स्वतःची चूक स्वतः पकडली. मग तिचा प्रश्न, नवानेच का? मी म्हणालो, "काढ तूच." ८६ वजा ६८, ५२ वजा २५, ९१ वजा १९ असे तासभर चालले. शेवटी ती म्हणाली की दहाच्या जागेवरचा आकडा एकाच्या जागेवर आला की दहाचा एक होतो, म्हणजे प्रत्येक वेळी नऊ कमी होतात. हे मी बँकेत असंख्य वेळा वापरले. का चालते याचा विचार कधी केला नव्हता.

भूमितीत तिला माझी गरज उरलेली नाही. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी म्हणून केलेले जिओजेब्रा आता जगभर वापरतात. पडद्यावर त्रिकोण काढायचा, एक शिरोबिंदू बोटाने ओढायचा, तिन्ही कोन बदलत राहतात, बेरीज १८० अंशांवरून हलत नाही. ती पंधरा मिनिटे तो त्रिकोण ओढून ओढून बेरीज मोडते का पाहत होती. अखेर वैतागून तिने तो इतका चपटा केला की त्याची रेषाच झाली! याची सिद्धता अजून तिला धड लिहिता येत नाही. ती कागदावरच शिकावी लागेल, आणि त्यासाठी आम्ही फोन उलटा ठेवतो.

अपूर्णांकांचा शेवट आपल्या घरच्याच आचार्यांपाशी झाला. महावीराचार्यांचे नाव मी स्वाध्यायात ऐकले होते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगांच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, त्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. तो ग्रंथ आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ साली प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला होता. बार्शीपासून सोलापूर किती दूर आहे? आणि मी तो पाहिलाही नव्हता. इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथालयात रंगाचार्यांची १९१२ सालची मद्रास आवृत्ती इंग्रजी भाषांतरासह विनामूल्य वाचायला मिळते. त्यात अपूर्णांकांचे स्वतंत्र प्रकरण आहे, 'कलासवर्ण'. छेदांच्या लसाविला आचार्यांनी 'निरुद्ध' अशी संज्ञा दिली आहे. नातीला हा शब्द एलसीएमपेक्षा भारदस्त वाटला.

त्याच प्रकरणात एक रीत आहे. ज्यांचा अंश एक आहे असे हवे तितके अपूर्णांक घेऊन बेरीज बरोबर एक कशी आणायची? एकापासून सुरुवात करून तिपटीने वाढत जायचे. चार अपूर्णांक हवे असतील तर १, ३, ९, २७. मग पहिल्याला दोनाने गुणायचे आणि शेवटच्याचे दोन तृतीयांश घ्यायचे. छेद झाले २, ३, ९, १८. म्हणजे १/२ + १/३ + १/९ + १/१८. सुरुवातीचे दोन तेच, ज्यांनी आमच्या घरात रामायण घडवले होते. नातीने अठराचा समान छेद घेतला. नऊ, सहा, दोन, एक. अठरा छेद अठरा. तिने वहीवर चौकट केली. मग पाच अपूर्णांकांचे केले, २, ३, ९, २७, ५४. मग सहांचे, शेवटचा छेद १६२. फोनवर ताळा पाहायची तिला गरज वाटली नाही. मी मात्र हळूच पाहिला.

आता ती आठवीत आहे. गणितात पहिली वगैरे येत नाही. मागच्या परीक्षेत मध्यम गुण होते आणि दोन उदाहरणे घाईत चुकली. रविवारी पाठशाळेनंतर शेजारची दोन मुले वही घेऊन येतात, तेव्हा त्यांना ती विचारते, "कसे केलेस ते आधी सांग." गेल्या रविवारी तिने मला एक कागद आणून दिला. त्यावर १/२ + १/४ + १/८ + १/८ = १ असे लिहिले होते. तिपटीऐवजी दुपटीने जाऊन तिने हे स्वतः जुळवले होते. "आजोबा, हे आचार्यांच्या पुस्तकात आहे का?" तिने विचारले. मी अजून शोधतो आहे.